इंजिन फिरेनासे झाले तर



पुण्यास १९४६ साली किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. पुढे गावोगाव विहिरींवर मोटेची जागा डिझेल इंजिनाने घेतली. मग विजेची मोटार आली नि इंजिन छपरात जाऊन बसलं. पण गव्हाच्या ऐन पाण्याला वीज गेली, की त्याचीच आठवण होते. हँडल लावावं, तो चाक जागचं हलत नाही! पीक माना टाकतंय म्हणून कोणी घण घेतो, कोणी ट्रॅक्टर जुंपतो. तसं मुळीच करू नका. दांडा वाकेल, नाहीतर हात जाईल.

आधी डिझेलची तोटी बंद करा आणि इंजिन बंद करण्याचा खटका बंदवर ठेवा. अवचित चालू झालेलं इंजिन माणूस ओळखत नाही. आता पंपाचा पट्टा उतरवा, डिकॉम्प्रेशनची खिट्टी उचला आणि चाक हातानं फिरवून पाहा. फिरलं, तर दोष पंपात आहे. इंजिन खोलण्याचं कारण नाही.

चाक थोडं फिरतं आणि एकाच ठिकाणी अडतं, उलट फिरवलं तर मागे येतं, असं असेल तर सिलिंडरात पाणी साचल्याचा संभव मोठा. हवा दबते, पाणी दबत नाही. शिक्षकांनी हे मुलांना पिचकारीनं दाखवावं. तोंड बोटानं दाबलं, तर हवेच्या पिचकारीचा दट्ट्या थोडा आत जातो. पाण्याच्या पिचकारीचा जात नाही. अशा वेळी नोझल काढा, तोंड बाजूला ठेवा आणि चाक सावकाश फिरवून पाणी बाहेर घालवा. खालचं तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर तेही बदला. मात्र पाणी शिरलं कुठून, धुराड्यातून की हेडच्या पॅकिंगमधून, हे शोधल्यावाचून इंजिन चालू करू नका.

चाक दोन्ही बाजूंना रतिभर हलत नसेल, तर बहुधा पिस्टनच्या रिंगा गंजून धरल्या आहेत. नोझलच्या भोकातून डिझेल आणि इंजिनचं तेल निम्मंनिम्मं मिसळून चार-पाच चमचे सोडा. रात्रभर मुरू द्या. सकाळी चाक मागं-पुढं हलवत राहा. आठ दिवस लागले तरी लागू देत. सुटल्यावर नोझल बसवण्याआधी चाक फिरवून उरलेलं तेल बाहेर काढा; तेलही पाण्यासारखंच दबत नाही. इतक्यानं सुटलं नाही, तर हेड उतरवायला मिस्त्री बोलवा.

चालता चालता तापून अडलेल्या इंजिनावर मात्र थंड पाणी ओतू नका, हेड तडकेल. आपोआप निवू द्या. मग फिरलं तरी तेल, पाणी, बेअरिंग तपासूनच पुढचं काम.

आणि मंडळी, पावसाळ्याच्या तोंडी धुराड्यावर एक डबा पालथा घाला. आठवड्यातून एकदा तोटी बंद ठेवून चाकाला चार फेरे द्या. एवढ्यानं तुमचं इंजिन वेळेला उभं राहील.

राम राम.