‘ध’ चा ‘मा’ आणि गंगापूर रोडवरच्या दोघी



गेल्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत भांडण झालं. कर्जाच्या वहीत एका ताईंच्या नावापुढचा आकडा खोडून वर दुसराच लिहिलेला निघाला. लगेच मागून आवाज आला, “आली बघा आमची आनंदीबाई! केला ध चा मा!” सचिव ताई रडकुंडीला आल्या. पासबुक आणून ताळा जुळवला तेव्हा कळलं की पहिला आकडाच चुकीचा होता, ताईंनी तो दुरुस्त केला होता.

वाद मिटला, पण ते नाव आमच्या डोक्यातून जाईना. कारण आनंदीबाई आपल्याला काही लांबच्या नाहीत. गंगापूर रोडनं निघालं की आनंदवल्ली लागतं, ते त्यांच्याच नावाचं गाव. पूर्वी त्याला चावंडस म्हणायचे. नवश्या गणपतीला आपण जातो, ते तिथंच. आणि तोच रस्ता धरून पुढं गेलं की गंगापूर. तिथं त्यांच्या मोठ्या जाऊबाई राहायच्या, गोपिकाबाई.

आमच्या गटातल्या तरुण मुली मोबाइलवर चीनच्या राजवाड्याच्या मालिका बघतात, बादशहाच्या बायकांच्या. त्याच काळात तिकडं बीजिंगच्या राजवाड्यात राण्यांच्या आठ पायऱ्या ठरलेल्या होत्या. जशी पायरी, तशी चांदी, कापड आणि दासी. मुलगा झाला की बाईची पायरी वर जायची. पुढं सिशी नावाची एक बाई १८५२ मध्ये अशीच खालच्या पायरीवर आत गेली. १८५६ ला तिला मुलगा झाला, १८६१ ला तो पाच वर्षांचा पोरगा गादीवर बसला आणि आई पडद्याआडून राज्य बघू लागली. आपल्या पेशव्यांकडं पायऱ्या लिहून ठेवलेल्या नव्हत्या, एवढाच फरक.

गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांची लेक, नानासाहेब पेशव्यांची बायको. नानासाहेबांनी १७६० च्या अखेरीस पैठणला दुसरं लग्न केलं. तिकडं नवी नवरी आली आणि थोड्याच दिवसांत, जानेवारी १७६१ मध्ये, यांचा थोरला विश्वासराव पानिपतावर मारला गेला. जूनमध्ये नानासाहेबही गेले. दुसरा मुलगा माधवराव सोळाव्या वर्षी पेशवा झाला. आईनं कारभारात लक्ष घातलेलं त्याला पटेना, आणि गोपिकाबाई पुणं सोडून इकडं गंगापूरला आल्या. पेशव्याची आई, पण राहायचं कुठं हे मुलाच्या मर्जीवर. १७७२ मध्ये माधवराव क्षयानं थेऊरला गेले. उरला धाकटा नारायणराव. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याला मारलं. तो अठरा वर्षांचा होता.

आता तो ‘ध’. गोष्ट अशी सांगतात की राघोबादादांनी पुतण्याला “धरावे” असं लिहिलं आणि आनंदीबाईंनी त्याचं “मारावे” केलं. आनंदीबाई दादांच्या दुसऱ्या बायको, लिहिता-वाचता येणाऱ्या. आम्ही पुस्तकं चाळली. त्यांनीच अक्षर बदललं याचा पक्का पुरावा नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. म्हण मात्र राहिली बाईच्या नावावर. आम्ही त्यांना निर्दोष ठरवायला बसलेलो नाही. पण अडीचशे वर्षं झाली, अजून खाडाखोड दिसली की आपल्या तोंडात पहिलं नाव त्यांचंच येतं, आणि बोलणाऱ्या आपणच बायका असतो, हे आम्हाला टोचलं.

खून झाला तेव्हा नारायणरावांची बायको गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर पहाऱ्यात ठेवलं, कारण आता सगळं राज्य तिच्या पोटावर अवलंबून होतं. एप्रिल १७७४ मध्ये मुलगा झाला, सवाई माधवराव. त्याच्या नावावर कारभाऱ्यांनी राज्य चालवलं, आणि गंगाबाई तीनच वर्षांत वारल्या. आनंदीबाईंचंही तसंच. १७८३ मध्ये राघोबादादा कोपरगावला वारले तेव्हा त्याही गरोदर होत्या. मुलांसह त्या नजरकैदेत राहिल्या, शेवटी त्यांना आनंदवल्लीला आणलं, तिथंच १७९४ मध्ये त्या गेल्या. दोन वर्षांनी त्यांचा बाजीराव पेशवा झाला. ते बघायला त्या नव्हत्या.

गोपिकाबाईंबद्दल लोक सांगतात की नारायणराव गेल्यावर त्या पंचवटीत भिक्षा मागून राहिल्या. पण १७८२ मध्ये त्यांनी रामकुंडाची दुरुस्ती करून दिली, हेही नोंदलेलं आहे. आणि नातवानं कसं वागावं, हे त्यांनी सवाई माधवरावांना सविस्तर लिहून पाठवलं. लेकाच्या राज्यात त्यांना कारभारातून बाजूला व्हावं लागलं होतं, नातवासाठी मात्र त्यांचा शब्द कागदावर राहिला. १७८८ मध्ये त्या नाशकातच वारल्या.

हे सगळं आम्ही त्या गटाच्या पुढच्या बैठकीत सांगितलं. टोमणा मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, “मग मी काय म्हणायला हवं होतं?” सचिव ताई म्हणाल्या, “आधी पासबुक मागायचं.” सगळ्या हसल्या, मावशीही. त्याच दिवशी ठराव झाला : रक्कम आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहायची, आणि खाडाखोड झालीच तर शेजारी ज्या ताईंचं खातं त्यांची आणि सचिवांची सही. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा, पण आकडा मोठ्यानं वाचून दाखवल्यावर.