पंख्याची बचत आणि फॅबचा वायू



 आपण इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी अधिवेशनासाठी सांताक्रूझला जमावं यात औचित्य आहे. 1973 साली केवळ इलेक्ट्रॉनिक्ससाठी जे निर्यात क्षेत्र उभं राहिलं, ते याच उपनगराच्या नावानं: सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, म्हणजे आपलं सीप्झ. पत्ता मात्र अंधेरीचा, आणि पुढे तिथं हिरे-दागिन्यांनी बस्तान बसवलं, तो भाग निराळा.

सेमीकंडक्टरवाले कार्बन कमी करायला काय मदत करतात, हे पाहायला लांब जायला नको. इथल्या स्टेशनावर उभे राहा. धीमी लोकल दर दोन-तीन मिनिटांनी थांबते. जुन्या गाड्यांत ब्रेक लागला की सगळी गती उष्णता होऊन वाया जायची. 2007 पासून आयजीबीटी या सेमीकंडक्टर स्विचवर चालणाऱ्या गाड्या आल्या. त्यांची मोटार वेग उतरताना जनित्र होते आणि वीज वरच्या तारेत परत ढकलते. बचत 30 टक्क्यांच्या आसपास. आणि सेमीकंडक्टरनं वीज वळवण्याच्या या विद्येला उपनगरात जुनी परंपरा आहे. भांडुपची हिंद रेक्टिफायर्स कंपनी 1958 ची आहे.

आता घरात या. साधा छताचा पंखा 75 वॅट खातो. बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटारीचा, पंखा 28 ते 30 वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. तो इथं लोकप्रिय केला पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या मुलांच्या अॅटमबर्ग कंपनीनं. पंखा दिवसाला दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस चालला तर साधारण 140 युनिट वाचतात. आपल्या ग्रीडवर एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे एक पंखा वर्षाला जवळजवळ 100 किलो वाचवतो. हे घडवते मोटारीचा प्रवाह क्षणाक्षणाला वळवणारी, नखाएवढी चिप.

इथपर्यंत टाळ्या. पण ती चिप बनते कशी, हे आपण सहसा व्यासपीठावरून सांगत नाही.

सिलिकॉनच्या चकतीवर नक्षी कोरायला प्लाझ्मात कार्बन टेट्राफ्लोराइडसारखे वायू सोडतात. त्यातला काही भाग न फुटता तसाच धुराड्याच्या दिशेनं निघतो. तो किती घातक? एक किलो म्हणजे सुमारे सात टन कार्बन डायऑक्साइड. आत्ताच्या हिशेबानं 70 पंख्यांची वर्षभराची बचत एका किलोत गेली. शिवाय पंखा दहा-पंधरा वर्षं चालेल. हा वायू हवेत 50 हजार वर्षं टिकतो. नायट्रोजन ट्रायफ्लोराइड या दुसऱ्या वायूचा प्रभाव तर कार्बन डायऑक्साइडच्या सोळा-सतरा हजारपट. तरीही चकत्यांवर प्रक्रिया होते ते कक्ष साफ करायला तोच वापरणं शहाणपणाचं ठरलं, कारण स्वतंत्र प्लाझ्मा कक्षात तो जवळजवळ पूर्ण फुटतो आणि बाहेर फारच थोडा जातो. वायूची घातकता एक आणि गळती दुसरी. इंजिनियरला दोन्हींचा गुणाकार करावा लागतो.

उपाय आहेत, आणि ते सिद्ध झालेले आहेत. 1999 मध्ये जागतिक सेमीकंडक्टर परिषदेतल्या उत्पादकांनी ठरवलं की या वायूंचं उत्सर्जन 2010 पर्यंत 1995 च्या पातळीपेक्षा 10 टक्के खाली आणायचं. प्रत्यक्षात ते 32 टक्के खाली आलं. धुराड्याआधी जाळणारी यंत्रं बसवली, प्रक्रिया बदलल्या, वायू बदलले. एकमेकांशी गळेकापू स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी हे मिळून केलं, ही माझ्या मते या धंद्यातली सर्वांत अभिमानाची गोष्ट आहे.

विजेचं दुखणं मात्र जास्त चिवट आहे. फॅबमधल्या, म्हणजे चिपच्या कारखान्यातल्या, स्वच्छ खोलीतली हवा आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास फिरती ठेवावी लागते. तैवानच्या एकूण विजेतली आठ टक्क्यांच्या आसपास वीज टीएसएमसी ही एकटी चिप कंपनी वापरते. आपल्या उपनगरांना डहाणूच्या कोळशाची वीज मिळत आली आहे. अशा विजेवर फॅब चालवायची आणि तिच्या चिपला हरित म्हणायचं, हे मला पटत नाही. जाहिरातीत शोभेल, हिशेबात नाही.

धोलेऱ्याला फॅबचं काम चालू आहे. आपल्या राज्यानं 2024 मध्ये तळोज्याच्या चिप प्रकल्पाला मंजुरी दिली. तो उभा राहील तेव्हा राहो. फॅब आणण्याच्या चढाओढीत आपण जमीन, पाणी आणि सवलतीच बोलतो. वायूंबद्दल बोलत नाही, कारण त्यांना रंग नाही, वास नाही, त्यांच्यामुळे कोणाचे डोळे चुरचुरत नाहीत. नंतर यंत्रं बसवणं महाग पडतं. आराखड्यातच धुराड्याचा विचार झाला पाहिजे.

म्हणून खुल्या अधिवेशनात एक ठराव यावा असं मला वाटतं. सरकारी सवलत घेणाऱ्या प्रत्येक फॅबनं कोणता फ्लोरिनयुक्त वायू किती किलो विकत घेतला, किती नष्ट केला आणि वीज कुठून आणली, हे दरवर्षी जाहीर करावं. सूचक म्हणून माझं नाव लिहून घ्या. अनुमोदन द्यायला तुमच्यापैकी कोणीतरी उठा.