गाडी चालू होत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?



आयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातल्या संधी' यावर बोलायला सांगितलं होतं. तो विषय आता आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. म्हणून परवानगी घेऊन मी विषय बदलला. मी आज जुन्या गाडीबद्दल बोलणार आहे. हसू नका, कारण हा विषय इथल्या बऱ्याच जणांच्या घरचा आहे.

आपल्यातले कितीतरी जण पुण्याला, नागपूरला, काही तर सातासमुद्रापार आहेत. आई-वडील मात्र अकोटातच आहेत, आणि अंगणात पंधरा-वीस वर्षांची गाडी उभी आहे. ती रोज लागत नाही. पण लागते तेव्हा लागतेच. रात्री कोणाच्या छातीत दुखलं की अकोला गाठायचं असतं, आणि ते इथून पंचेचाळीस किलोमीटर आहे. अशा वेळी आपल्याला फोन येतो, "गाडी चालूच नाही होऊन रायली." आपण तिकडून म्हणतो, "मिस्त्रीला बोलवा." उत्तर चुकीचं नाही. पण त्याआधी चार प्रश्न विचारता आले, तर निम्मं काम फोनवरच होतं.

माझा रोजचा धंदा प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचा. त्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात: 'चालत नाही' हे वर्णन नव्हे. कधी चालत नाही, काय केल्यावर, आणि त्या वेळी काय दिसतं, हे आधी विचारायचं. गाडीलाही तेच लागू आहे.

पहिला प्रश्न: चावी फिरवल्यावर सेल्फ फिरतो का? इथे दोन वेगळे रस्ते फुटतात. सेल्फ फिरतच नसेल, नुसतं 'टक्' होत असेल किंवा रडत-रडत फिरत असेल, तर तो विजेचा दोष आहे. पेट्रोल, प्लग, कार्बुरेटर यांना हात लावायचं कारणच नाही. आणि सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी चांगली आहे. ती बदलून काही उपयोग नाही.

सेल्फ फिरत नसेल तर हेडलाइट लावायला सांगा आणि मग चावी फिरवायला सांगा. लाइट एकदम मंदावला तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल झालेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसते. ती गरम पाण्यात खायचा सोडा घालून निघते. तार काढताना आधी निगेटिव्ह काढायची, लावताना ती शेवटी लावायची. मीटर असेल तर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं. १२.२ दिसलं तर बॅटरी साधारण निम्मीच भरलेली आहे. सेल्फ मारताना आकडा दहाच्या खाली घसरला तर बॅटरी कमकुवत समजा. आणि लाइट लख्ख राहिला, सेल्फ मात्र गप्प, तर दोष सेल्फमध्ये, त्याच्या तारेत किंवा अर्थिंगमध्ये.

अर्थिंगवरून आमच्या घरचीच गोष्ट सांगते. आमच्या गाडीचा सेल्फ कधी फिरायचा, कधी नाही. एका गॅरेजने आधी बॅटरी बदलली, मग प्लग, मग कॉइल. दर वेळी गाडी दोन दिवस चालायची आणि पुन्हा तेच. बाबा फोनवर म्हणाले, "काय सांगू बाई तुले, पैसे गेले अन् गाडी तशीच." मी विचारलं, "बाबा, लाइट मंद होतो का?" म्हणाले, "नाही, चांगला लख्ख रायते." मग शेजारच्या काकांना एक काम सांगितलं: जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. लावलं, चावी फिरवली, सेल्फ पहिल्याच झटक्यात फिरला. बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी आतून गंजली होती. दोन वाती उरल्या असतील. सुटे भाग बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आधी दोष कुठे आहे ते ठरवायचं.

आता दुसरा रस्ता. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. तिन्ही असतील तर ते चालू व्हायलाच हवं. म्हणून कोणती गोष्ट नाही, एवढंच शोधायचं.

इथे गाडी कोणत्या जातीची आहे हे माहीत हवं. मारुती ८०० चंच घ्या. ती १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. सुरुवातीची बरीच वर्षं तिच्यात कार्बुरेटर होता, नंतर इंजेक्शन आलं. नाव एकच, पण तपासण्याची रीत वेगळी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी तर शुद्ध कार्बुरेटरवाली. अशा गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. तिथे कान, नाक आणि डोळे हेच स्कॅनर.

इंजेक्शनची गाडी असेल तर सेल्फ न मारता चावी नुसती 'ऑन' करायला सांगा. मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक 'घूंऽऽ' आवाज यायला हवा. तो टाकीतल्या पंपाचा. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंप. हा पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. गाडी उभीच असते म्हणून टाकीत दोन लिटर ठेवायची सवय पंपाला मारक आहे.

कार्बुरेटरच्या गाडीत पंप इंजिनलाच बसवलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अकोल्याहून भर दुपारी येऊन गाडी दहा मिनिटं उभी केली, की इंजिनच्या धगीने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि तो पंप वाफ ढकलू शकत नाही. गाडी गरमच असताना अडते आणि संध्याकाळी गुपचूप चालू होते, ती बहुतेक यामुळे. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवणारे जुने ड्रायव्हर अडाणी नव्हते. ते वाफेचं पुन्हा पेट्रोल करत होते. फक्त ते पाणी डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत डेल्कोवर, पडू देऊ नका.

पेट्रोलचा भपकारा येत असेल तर उलटं झालंय: पेट्रोल जास्त झालंय. पंधरा मिनिटं थांबायचं, मग कार्बुरेटरच्या गाडीत ॲक्सिलेटर पूर्ण दाबून, न पंप करता, सेल्फ मारायचा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. ठिणगीची तपासणी मात्र मिस्त्रीवर सोडा. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि शेजारी पेट्रोलची वाफ.

आता गाडी चालू होते, पण स्लोवर थरथरते, सिग्नलला बंद पडते, त्याबद्दल. इथेही प्रश्न एकच: केव्हा? सकाळी थंड असतानाच थरथरते आणि मग सुधारते, तर चोक किंवा इंजिनचं तापमान सांगणारा सेन्सर बघा. रस्त्यावर छान पळते आणि पाय काढला की बंद पडते, तर कार्बुरेटरचा स्लो जेट कचऱ्याने बुजला असेल. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीत काजळी साठली असेल. रेस दिली की थरथर थांबते आणि इंजिनापाशी 'स्स्स' ऐकू येतं, तर रबरी व्हॅक्युम पाइपला भेग आहे. आणि सतत एका लयीत 'धप-धप' होत असेल तर एक सिलिंडर काम करत नाही. मग मिस्त्री एकेका सिलिंडरला बंद करून बघतो. जो बंद केल्यावर आवाजात फरकच पडत नाही, तोच झोपलेला. तीन सिलिंडरच्या गाडीत तर एक झोपला की सगळी गाडी हलते.

ही रीत आपण याच शाळेत शिकलो आहोत. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात सर ओरडायचे, "एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत लिहा." प्लग, पेट्रोल फिल्टर आणि कॉइल एकाच दिवशी बदललं आणि गाडी चालू झाली, तर कशाने झाली हे कोणालाच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचे पैसे.

उभ्या गाडीचे दोन शत्रू आणखी आहेत. एक उंदीर, तारा कुरतडतात. दुसरं पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत. पेट्रोलचे पाइप वर्षातून एकदा वाकवून बघा. भेग किंवा ओल दिसली तर गाडी चालू होण्याची वाट न बघता बदला. तो आगीचा प्रश्न आहे.

शेवटी एक विनंती. उद्या-परवा आपण सगळे परत जाऊ. निघण्यापूर्वी पंधरा मिनिटं काढा. बॉनेट उघडून इंजिनचे चार फोटो मोबाईलमध्ये घ्या, म्हणजे फोनवर "तो काळा पाइप" म्हणताना दोघांना एकच पाइप दिसेल. बॅटरी कधी घेतली ती तारीख लिहून ठेवा. जंपर केबल आणि टॉर्च डिकीत टाका. भरवशाच्या मिस्त्रीचा नंबर आईच्याही फोनमध्ये घाला. आणि आठवड्यातून एकदा वीस मिनिटं गाडी पोपटखेडच्या रस्त्याने फिरवून आणायला सांगा. दारात उभी ठेवून नुसती चालू-बंद केल्याने बॅटरी भरत नाही, उलट उतरते.

आपण दूर राहतो, रात्री दोन वाजता धावत येऊ शकत नाही. पण त्या वेळी घाबरलेल्या माणसाला शांतपणे "सेल्फ फिरतो का?" एवढं विचारू शकतो. आणि गाडी नाहीच चालू झाली, तर तिच्या नादात वेळ न घालवता १०८ ला फोन करा म्हणून सांगू शकतो. हेही निदानच आहे.

ज्यांच्या गाड्या आज बाहेर अडून उभ्या असतील, त्यांनी जेवणानंतर मला भेटावं.