अळे: रस्ता आणि झाड यांचा करार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



 ‘शहर आणि वृक्ष’ हा विषय मला देण्यात आला आहे. वृक्षारोपणाविषयी आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे. दर पावसाळ्यात खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात, छायाचित्रे निघतात. म्हणून आज मी झाड लावण्याविषयी बोलणार नाही. लावलेले झाड रस्त्याच्या कडेला जगते कसे आणि मरते कशाने, याविषयी बोलणार आहे.

प्रारंभीच एक कबुली देतो. आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव होतो, त्या काळातली गोष्ट. प्रवेशद्वाराशी एक जुना कडुनिंब होता. पावसाळ्यात चिखल होतो, अशी सभासदांची तक्रार होती. आम्ही सारे अंगण पेव्हर ब्लॉकने मढवले, अगदी बुंध्याला टेकेपर्यंत. त्या ठरावावर सही माझी होती. चौथ्या पावसाळ्यात एका रात्री तो कडुनिंब आडवा झाला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. सर्वांनी वाऱ्याला दोष दिला. मात्र उघडी पडलेली कुजकी मुळे मी सकाळी पाहिली, तेव्हा दोष कोणाचा होता हे मला उमगले. झाडाभोवती अळे करावे लागते, हे माझ्या निरक्षर आजीला ठाऊक होते. नगररचनेचे शिक्षण घेतलेला मी मात्र ते विसरलो होतो.

झाडाची मुळे खोल पाताळात जातात, असा आपला समज असतो. वस्तुतः पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात, साधारण दीड-दोन हातांच्या आत असतात आणि फांद्यांच्या विस्तारापलीकडे पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. रोलरने दाबलेली माती आणि वर काँक्रीट, अशा स्थितीत झाडाचा श्वास हळूहळू कोंडतो. वरची पाने काही वर्षे हिरवी राहतात, म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

यावर उपाय आहे काय? आहे, आणि तो एका मोठ्या शहराने एका मोठ्या रस्त्यावर करून दाखविला आहे. स्पेनमधील बार्सिलोना शहराचा विस्तार इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याच्या १८५९ च्या आराखड्यानुसार झाला. त्यातील पसेच दे सांत जुआन हा ५० मीटर रुंदीचा राजमार्ग. कालांतराने तो वाहनांच्या स्वाधीन झाला. लोला दोमेनेक या वास्तुरचनाकार महिलेच्या आराखड्यानुसार त्याचे नूतनीकरण झाले. पहिला टप्पा २०११ मध्ये आणि पुढचा २०१४ मध्ये पूर्ण झाला.

त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. दोन्ही बाजूंचे पदपथ साडेबारा मीटरचे होते, ते सतरा मीटरचे केले. म्हणजे वाहनांसाठी असलेल्या पंचवीस मीटरमधून नऊ मीटर काढून घेतले आणि उरलेल्या सोळा मीटरच्या मध्यभागी सायकलींना मार्ग दिला. सतरा मीटरपैकी सहा मीटर चालण्यासाठी मोकळे ठेवले. उरलेल्या अकरा मीटरमध्ये झाडांच्या सावलीत बाके, मुलांची खेळण्याची जागा आणि उपाहारगृहांची टेबले आली. शंभर वर्षांची जुनी झाडे जागची हलविली नाहीत. त्यांच्याच ओळीला समांतर नव्या ओळी लावल्या. झाडांखाली त्या हवामानात वाढणारी स्थानिक झुडपे लावली.

खरे शहाणपण मात्र जमिनीखाली आहे. फरसबंदी अशी, की पावसाचे पाणी तिच्या फटींतून झिरपावे. तिच्याखाली खडी आणि माती यांचे विशिष्ट मिश्रण घातले. खडी वरचा भार पेलते आणि खड्यांमधल्या पोकळीत मुळे वाढतात. झाडांना पाणी देण्यासाठी पिण्याचे पाणी न वापरता भूजल वापरले. २००८ च्या दुष्काळात ज्या शहराला जहाजाने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याला या काटकसरीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आपण म्हणाल, तो देश श्रीमंत आहे. मग पुण्याचा जंगली महाराज रस्ता पाहावा. २०१६ मध्ये रस्तारचनेची मार्गदर्शक तत्त्वे आखल्यानंतर महापालिकेने तेथील पदपथ रुंद केले आणि जुन्या झाडांच्या सावलीत बसण्याच्या जागा केल्या. आज तेथे आजोबा टेकतात आणि नातवंडे खेळतात. गाड्या लावायला जागा कमी झाली, ही दुकानदारांची अडचण खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. परंतु सावलीत थांबणारा माणूसच दुकानाची पायरी चढतो, हेही तितकेच खरे.

कायद्याचे पाठबळही आहे. महाराष्ट्रात नागरी भागातील वृक्षांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. एक मीटर! आजीचे अळे साधारण तेवढेच असे.

राजमार्गाची पुनर्रचना आपल्या हातात नसेल. पण आपल्या दारासमोरचे झाड आहे. घरी परतताना त्याच्या बुंध्याकडे एकवार पाहा. फरशी टेकलेली असेल, तर येत्या पावसाळ्यापूर्वी सोसायटीच्या सभेत विषय मांडा आणि हातभर जागा मोकळी करून घ्या. हे काम करताना मुळे तोडू नका. फरशी हातानेच उचला. आमच्या सोसायटीने आता ते केले आहे. कडुनिंबाच्या जागी लावलेले नवे रोप माझ्या खांद्याला आले आहे. त्याची सावली मला मिळणार नाही, याची मला जाणीव आहे. तरी त्याच्याभोवतीचे अळे मी दर रविवारी स्वतः भुसभुशीत करतो. ठरावावर केलेल्या त्या सहीची परतफेड एवढीच माझ्या हातात आहे.