टाका दिसत नाही, पण जखम असते

मी मुकुंदवाडीहून बोलतेय. आमच्या ह्यांचं वाढलेल्या प्रोस्टेटचं लेसरचं ऑपरेशन झालं. पोटावर चीर नाही, टाका नाही. दोन दिवसांनी नळी काढून घरी आलो. वाटलं, सुटलो.

दहाव्या दिवशी नळाला पाणी आलं. ह्यांनी भरलेली बादली उचलली अन् संध्याकाळी लघवी लाल झाली. डॉक्टर म्हणाले, "लेसर लघवीच्या वाटेनंच आत जातं, जखमही आतच असते." आराम केला, पाणी प्यायले, तेव्हा लघवी निवळली.

म्हणून सांगते, महिना-दीड महिना ओझं, सायकल, मोटारसायकल, ट्रॅक्टर बंद. डॉक्टर सांगतील तेवढं पाणी द्या. कुंथावं लागू नये म्हणून पालेभाजी, फळं द्या. काही आठवडे लघवीची घाई होते, थेंब गळतात. त्यावरून बोलू नका, जुन्या सुती कापडाच्या घड्या हाताशी ठेवा.

लघवी तुंबली, रक्ताच्या गुठळ्या पडल्या किंवा थंडी वाजून ताप आला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. काढलेल्या भागाच्या तपासणीचा रिपोर्टही आठवणीनं घ्या.

पुरुषमाणूस लाजेनं सांगत नाही. आपणच विचारायचं.