गोड बोलावे, बेताने वाढावे
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. सरकारी कागदपत्रांत आयुष्य गेलेले साधे पदवीधर आहो. तथापि मधुमेह हा विषय केवळ डॉक्टरांवर सोपवून भागणार नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

'आम्ही सडपातळ, आम्हांस कसली भीती?' असे पुष्कळजण म्हणतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात स्वतःचे व इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र छापून या समजाला उत्तर दिले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! पोटातील चरबी इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते. म्हणून काट्याबरोबर कमरेचे मापही पाहावे.

ही व्याधी दुखत नाही, हीच तिची फसवणूक. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड व मज्जातंतू यांची हानी निमूटपणे होत राहते. साखर आटोक्यात ठेवल्यास ही हानी कमी होते, हे १९९८ साली ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासाने दाखविले. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, रक्तदाब, आणि वर्षातून एकदा डोळ्यांची व लघवीतील प्रथिनाची तपासणी चुकवू नये.

पाय बधिर झाले की वैशाखात ग्वारीघाटाच्या तापलेल्या पायऱ्यांचा चटकाही जाणवत नाही; फोड दिसतो तो घरी आल्यावर. अशांनी अनवाणी चालू नये व रोज रात्री तळवे आरशात पाहावेत. उपासालाही डॉक्टरांचा सल्ला हवा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. उलट गोळी वा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकाएकी उतरते. घाम फुटला, हातपाय कापू लागले, तर तत्काळ साखर खावी.

आपल्यापैकी अनेकांची मुले पुण्या-बंगळूरास आहेत, आप्त महाराष्ट्रात आहेत आणि घरी दोघेच वृद्ध. त्यांचे तळवे कोण पाहणार? डोळ्यांच्या तपासणीस सोबत कोण जाणार? येथे मंडळ हेच गणगोत. प्रत्येक सभासदाने शेजारच्या एका वडीलधाऱ्याची एवढी चौकशी अंगावर घ्यावी, ही विनंती.

आणि पंगतीत खव्याची जिलबी वाढताना कोणी 'पुरे' म्हटले, तर आग्रह तेथेच थांबवावा. आदरातिथ्यात त्याने काही उणे येणार नाही.