वडिलोपार्जित जमीन आणि न्यायालयातील पुरावा

(असोदा, तालुका जळगाव येथे दिलेले भाषण)



"जमीन आमच्या आजोबांची, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे," असे पक्षकार मोठ्या विश्वासाने सांगतो. गावाला ठाऊक असणे आणि न्यायालयात सिद्ध होणे यांत मात्र पुष्कळ अंतर आहे.

सातबाऱ्याविषयीचा गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. परंतु त्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागले म्हणून धाकट्याचा हिस्सा बुडत नाही. त्या नावापुढे 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अशी अक्षरे असतील तर धाकट्याच्या बाजूने तो मोलाचा पुरावा होय. पुढील नकलांत ती गळली असल्यास जुना फेरफार काढावा.

कुटुंब एकत्र होते म्हणून प्रत्येकाच्या नावावरील जमीन एकत्र, असेही न्यायालय धरीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या निर्णयानुसार पुराव्याचा भार प्रथम 'एकत्र' म्हणणाऱ्यावर असतो. वडिलार्जित मिळकतीतून नवी जमीन घेण्याजोगे उत्पन्न होते, हे त्याने दाखविले म्हणजे तो भार दुसऱ्या पक्षावर जातो. आजोबांच्या कापसाची अडत्याकडील जुनी पट्टी म्हणूनच रद्दीत टाकू नये.

खरी अडचण दुवा जुळविण्याची आहे. आजोबांच्या खरेदीखतावर सर्व्हे नंबर, आजच्या उताऱ्यावर गट नंबर! 1947 च्या कायद्याखाली जेथे एकत्रीकरण योजना अंमलात आली, तेथे क्रमांक बदलले, काही ठिकाणी हद्दीही बदलल्या. दोन्ही जमीन एकच, हे भूमी अभिलेख कार्यालयातील योजनेच्या प्रमाणित नकलेने दाखवावे लागते. हा कागद नसेल, तर खरा दावाही लंगडा पडतो.

वंशावळही अशीच. ती घरी बसून काढलेली पुरेशी नसते. तिला शाळेचे जनरल रजिस्टर, मृत्यूची नोंद, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांचा आधार लागतो. गुरुजनांनी जुनी रजिस्टरे वाळवीपासून जपावीत, ही विनंती. आणि बहिणाबाईंच्या या माहेरगावात तरी वंशावळीतून लेकी गळू नयेत! हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद ठरली. वडील त्यापूर्वी वारले असले तरी तिचा हक्क राहतो, असा निर्णय 11 ऑगस्ट 2020 रोजी झाला. बहिणीला पक्षकार न करता लावलेला वाटणीचा दावा त्याच कारणाने अडतो. "तिने तोंडी हक्क सोडला" हे सांगणेही पुरत नाही. त्यास नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे.

2025 मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम राबविण्यात आली व मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम झाले. आपल्या घरची नोंद त्या वेळी कशी झाली, हे प्रत्येकाने तपासून पाहावे. नवा फेरफार निघाल्यास हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. ती नोटीस चावडीवर लागली, की ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी ती सासरी गेलेल्या लेकींपर्यंतही पोहोचवावी.